आवृत्तीचे वचन आणि वर्तनाचे वास्तव : लिनक्समधील पॅकेज-अवलंबित्वाच्या व्यवहाराची चिकित्सा

प्रास्ताविक

लिनक्सच्या कोणत्याही वितरणात एखादे सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून दाखल होते, तेव्हा त्याच्यासोबत एक छोटे निवेदन असते. त्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती आणि देखभालकर्त्याची नोंद असते. शिवाय हे पॅकेज चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे, कोणत्या आवृत्तीची लागतात याची यादी असते. ही यादी वाचूनच संगणक काय बसवायचे, काय बदलायचे आणि प्रसंगी काय काढून टाकायचे हे ठरवतो. वरवर पाहता हा मजकूर केवळ तांत्रिक आणि कोरडा वाटतो. परंतु त्याचे स्वरूप बारकाईने पाहिल्यास ते वर्णन नसून भाकीत आहे, असे लक्षात येते. ‘अमुक लायब्ररी, आवृत्ती २.४ किंवा त्यानंतरची’ असे लिहिणाऱ्याने २.४ ही आवृत्ती पाहिलेली असते. ‘त्यानंतरची’ हा शब्द मात्र त्याने न पाहिलेल्या, किंबहुना अद्याप लिहिल्याही न गेलेल्या सर्व आवृत्त्यांविषयी असतो. दुसऱ्याच्या भावी कृतीविषयी तिसऱ्याला दिलेले ते वचन होय.

विसंगत आवृत्त्यांमुळे उद्भवणाऱ्या दोषांची चर्चा बहुधा ‘आकडा चुकला’ या पातळीवर होते आणि आकडा दुरुस्त केला की प्रश्न मिटला असे मानले जाते. प्रस्तुत लेखाची भूमिका वेगळी आहे. दोन सॉफ्टवेअरांमधील नाते तीन थरांचे असते : नावाचे, आकाराचे आणि वर्तनाचे. अपेक्षित नावाची लायब्ररी संगणकावर आहे का, हा पहिला थर. तिच्यातील कार्ये आणि माहितीच्या रचना अपेक्षित आकाराच्या आहेत का, हा दुसरा. आणि ती कार्ये पूर्वी जशी वागत तशीच आजही वागतात का, हा तिसरा. पॅकेज-व्यवस्थेची भाषा पहिला थर पूर्णपणे आणि दुसरा बराचसा व्यक्त करू शकते. तिसऱ्यासाठी तिच्याकडे शब्दच नाहीत. अधिक त्रासदायक दोष मात्र याच तिसऱ्या थरात निपजतात. वापरकर्त्याच्या पदरी पडणारा मनस्ताप आणि ‘चूक कोणाची’ हा न सुटणारा वाद या दोहोंचे मूळ येथे आहे.

एकाच प्रतीचा आग्रह

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने आणि त्याच काळातील रेड हॅटसारख्या वितरणांनी एक तत्त्व दृढ केले : एका संगणकावर एखाद्या लायब्ररीची शक्यतो एकच प्रत असावी आणि सर्व कार्यक्रमांनी तीच वापरावी. या तत्त्वामागे त्या काळातील अपुरी स्मृती आणि महाग डिस्क ही कारणे होतीच. पण केवळ तीच असती, तर साधने स्वस्त झाल्यावर हे तत्त्व गळून पडले असते. ते टिकले, कारण त्यात दुरुस्तीची सोय आहे. लायब्ररीतील दोष एका ठिकाणी काढला की तिच्यावर विसंबणारे सर्व कार्यक्रम एकदम दुरुस्त होतात. याची दुसरी बाजूही तितकीच उघड आहे. एका ठिकाणी दोष शिरला, की तो सर्वांच्या घरात शिरतो.

हा आग्रह पेलण्यासाठी जी युक्ती वापरली जाते ती साधी आणि सुंदर आहे. प्रत्येक सामायिक लायब्ररीच्या अंगी ‘सोनेम’ नावाचे एक अधिकृत नाव कोरलेले असते आणि त्याच्या शेवटी एक अंक असतो. लायब्ररीच्या रचनेत जुने कार्यक्रम मोडतील असा बदल झाला, की मूळ लेखकाने तो अंक वाढवायचा. डेबियनमध्ये हा अंक पॅकेजच्या नावातच घेतला जातो. त्यामुळे जुनी आणि नवी लायब्ररी ही दोन वेगळी पॅकेजे ठरतात आणि काही काळ शेजारी शेजारी नांदू शकतात. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस लिनक्स जगताने पाचव्या क्रमांकाच्या सी-लायब्ररीकडून सहाव्या क्रमांकाच्या, म्हणजे ग्लिबसीच्या लायब्ररीकडे स्थलांतर केले, ते याच बळावर. डेबियनची जुलै १९९८ मधील २.० ही आवृत्ती त्या स्थलांतरातून बाहेर पडली.

पुढे या व्यवस्थेत आणखी बारकावे आले. कार्यक्रम कोणत्या लायब्ररीतील कोणती ‘चिन्हे’, म्हणजे कार्यांची नावे, वापरतो हे त्याच्या बायनरी फाइलमधून यंत्राला वाचता येते. २००७ च्या सुमारास डेबियनच्या डीपीकेजीमध्ये अशी सोय झाली, की प्रत्येक चिन्ह लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीत प्रथम आले याची सूची ठेवायची आणि त्यावरून किमान आवश्यक आवृत्ती यंत्रानेच काढायची. देखभालकर्त्याच्या अंदाजाची जागा गणिताने घेतली, ही निःसंशय प्रगती होती. परंतु हे गणित कशाचे आहे, हे विसरता येणार नाही. ते चिन्हाच्या अस्तित्वाचे आहे. चिन्हामागील अर्थाचे नाही. आमंत्रणपत्रिकेवरचे नाव बरोबर आहे एवढीच खात्री ते देते. दारात उभा राहिलेला गृहस्थ कसा वागेल, हे त्याला ठाऊक नसते.

२०१० मधील ‘मेमकॉपी’ प्रकरण

या मर्यादेचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेडोरा १४ या वितरणातील ध्वनिदोष होय. त्या वितरणात आलेल्या ग्लिबसीच्या नव्या प्रतीनंतर अडोबी फ्लॅश प्लेअरच्या ६४-बिट प्रतीतून ऐकू येणारा आवाज काही संगणकांवर फाटू लागला. फ्लॅश बदलले नव्हते. त्याची अवलंबित्वाची अट मोडली नव्हती. लायब्ररीचे सोनेम तेच होते, हवी ती सर्व चिन्हे जागच्या जागी होती. पॅकेज-व्यवस्थेच्या दृष्टीने सर्व काही यथास्थित होते आणि तरीही कार्यक्रम बिघडला होता.

कारण शोधता शोधता ते ‘मेमकॉपी’ या सी भाषेतील एका अगदी प्राथमिक कार्यापाशी येऊन ठेपले. स्मृतीतील एका जागेचा मजकूर दुसऱ्या जागी नेणे एवढेच त्याचे काम. सी भाषेचे प्रमाण असे सांगते, की मूळ जागा आणि नवी जागा परस्परांत गुंतलेल्या असतील तर मेमकॉपी वापरू नये. तसे केल्यास परिणामाची हमी नाही. अशा वेळी ‘मेममूव्ह’ हे दुसरे कार्य वापरावे. फ्लॅशमध्ये हा नियम पाळला गेला नव्हता. मात्र जुन्या ग्लिबसीत मजकूर सुरुवातीकडून शेवटाकडे उचलला जात असल्याने ही चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहिली. नव्या प्रतीत इंटेलच्या काही प्रोसेसरांवर वेग वाढावा म्हणून मजकूर शेवटाकडून उचलण्याची पद्धत आली आणि झाकण उडाले.

यानंतर फेडोराच्या दोषनोंदीत जो वाद झाला, तो संगणकशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचा विषय आहे. एक पक्ष म्हणत होता, की ग्लिबसीने प्रमाणाचा भंग केलेला नाही, भंग फ्लॅशने केला आहे. म्हणून हा ग्लिबसीचा दोषच नव्हे. दुसऱ्या बाजूला लिनस टोरवाल्ड्स यांच्यासारखा लिनक्सचा जनक उभा होता. वापरकर्त्याचा चालता कार्यक्रम बंद पडला असताना प्रमाणाकडे बोट दाखवणे हे उत्तर नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पहिल्या पक्षाची भूमिका तर्काने अभेद्य आहे, हे मान्य करावे लागते. परंतु तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे : लायब्ररीचे वचन म्हणजे तिच्या दस्तऐवजात लिहिलेले तेवढेच. प्रत्यक्षात वीस-वीस वर्षे चाललेले वर्तन हेही एक वचनच बनते. ते कोणी लिहिलेले नसते, पण त्यावर घरे बांधली जातात. एखाद्या लायब्ररीचे वापरकर्ते पुरेसे वाढले, की तिच्या प्रत्येक दृश्य वर्तनावर कोणी ना कोणी विसंबू लागतो, हे निरीक्षण पुढे गूगलमधील अभियंता हायरम राइट यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. २०१० मधील हे प्रकरण त्याचे जणू भाष्यच आहे.

ग्लिबसीने अखेर काढलेला तोडगा अधिक विचार करण्याजोगा आहे. २०११ मधील २.१४ या आवृत्तीत मेमकॉपी हे चिन्हच दोन आवृत्त्यांत विभागले गेले. जुन्या काळी कंपाइल झालेल्या कार्यक्रमांना जुन्या चिन्हामागे सुरक्षित, मेममूव्हसारखे वर्तन मिळू लागले. नव्याने कंपाइल होणाऱ्यांना नवे, वेगवान चिन्ह. तिसऱ्या थरातील फरक अशा रीतीने दुसऱ्या थराच्या भाषेत आणला गेला. चतुर उपाय, यात शंका नाही. पण त्याची किंमत अनपेक्षित जागी चुकवावी लागली. आता नव्या संगणकावर तयार केलेला, मेमकॉपी वापरणारा कोणताही सामान्य कार्यक्रम २.१४ किंवा त्यानंतरची ग्लिबसी मागू लागला; आणि ग्लिबसी २.१२ घेऊन आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ व सेंटओएस ६ यांसारख्या दीर्घायुषी वितरणांवर तो ‘ग्लिबसी २.१४ सापडली नाही’ असे म्हणत पहिल्याच पावलाला थांबू लागला. एक विसंगती बुजवताना दुसरी निर्माण झाली. फरक इतकाच, की पहिली विसंगती मुकी होती आणि दुसरी बोलकी. मुक्या दोषापेक्षा बोलका दोष बरा, हा निवाडा येथे मान्य करण्यास हरकत नसावी. तथापि तो निवाडा होता, फुकटची सुधारणा नव्हती.

सुसंगत, पण निरुपयोगी

आतापर्यंतच्या उदाहरणात यंत्राला काही दिसत नव्हते. याच्या उलट, यंत्राला सर्व दिसते आणि तरीही अनर्थ होतो, अशीही एक जात आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका लोकप्रिय कॅनेडियन तंत्रज्ञान-वाहिनीच्या सादरकर्त्याने पॉप ओएस या वितरणावर ‘स्टीम’ हे खेळांचे दुकान बसवू पाहिले. चित्ररूप साधनाने नकार दिला. मग त्याने कमांड लाइनवरून तीच मागणी केली. व्यवस्थेने बसवण्याच्या नव्हे तर काढण्याच्या पॅकेजांची लांबलचक यादी दाखवली, धोक्याचा इशारा दिला आणि संमतीदर्शक पूर्ण वाक्य टंकित करण्यास सांगितले. त्याने ते केले. काही क्षणांत संगणकाचे संपूर्ण डेस्कटॉप नाहीसे झाले.

कारण क्षुल्लक होते. स्टीम हा ३२-बिट कार्यक्रम आहे. ६४-बिट संगणकावर त्याला काही लायब्ररींच्या ३२-बिट प्रती लागतात आणि डेबियन परंपरेचा नियम असा, की एकाच लायब्ररीच्या या दोन्ही प्रती तंतोतंत एकाच आवृत्तीच्या असाव्यात. त्या वेळी वितरणाच्या भांडारात दोहोंचा मेळ नव्हता. मागणी पूर्ण करण्यासाठी ६४-बिट प्रत आणि तिच्यावर उभे असलेले डेस्कटॉप काढून टाकणे, हा आवृत्त्यांच्या दृष्टीने निर्दोष मार्ग होता. व्यवस्थेने तर्काची एकही चूक केली नाही.

येथे अवलंबित्व सोडवण्याच्या गणिताविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने चाललेल्या ‘इडॉस’ या संशोधन-प्रकल्पाने २००६ मध्ये असे दाखवून दिले, की एखादे पॅकेज दिलेल्या भांडारातून बसवता येईल की नाही हा प्रश्न ‘एनपी-पूर्ण’ वर्गातील आहे. म्हणजे तयार उत्तर तपासणे सोपे. परंतु ते हमखास त्वरेने शोधून काढणारी कोणतीही सार्वत्रिक रीत ज्ञात नाही. या निष्कर्षाने संशोधकांचे लक्ष योग्य दिशेला वळले. ओपनसूझेने २००८ मधील ११.० या आवृत्तीत तार्किक समाधानक्षमता सोडवणारे इंजिन आणले आणि पुढे फेडोराच्या डीएनएफनेही त्याच कुळातील लायब्ररी स्वीकारली. परंतु या यशामुळे एक गैरसमजही पसरला : उत्तर शोधणे हीच खरी अडचण आहे, असा. पॉप ओएसवरील प्रसंगात उत्तर क्षणात सापडले होते. अडचण होती ती उत्तराच्या योग्यतेची. सुसंगत अवस्था आणि इष्ट अवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पॅकेजांच्या निवेदनात ‘मला हे का हवे आहे’ हे लिहिण्यास जागा नाही.

त्या वेळी वापरकर्त्याने इशारा वाचायला हवा होता, अशी टीका भरपूर झाली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. भांडारातील विसंगती वितरण चालवणाऱ्यांच्या हातची होती. तिचे परिणाम समजून घेण्याची जबाबदारी मात्र ज्याला त्यातील काहीही ठाऊक असण्याचे कारण नाही अशावर टाकण्यात आली. एपीटीच्या कर्त्यांनी पुढे जे केले त्यावरून त्यांनाही हे पटले असावे. मूलभूत वा संरक्षित म्हणून चिन्हांकित पॅकेजे काढून प्रश्न सोडवण्याचा मार्गच त्याच महिन्याच्या सुधारित आवृत्तीत बंद केला गेला. एका वाक्याच्या संमतीवर तो आता उघडत नाही.

आकड्यांची शिवण

अशा प्रसंगानंतर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे अटी आवळणे. ‘२.४ किंवा नंतरची’ ऐवजी ‘फक्त २.४.१’. हा उपाय दोष टाळत नाही, तो पुढे ढकलतो. लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती येऊन २.४.२ झाली, की आवळलेले पॅकेज तिला वाट अडवते. अशी पाच-पन्नास पॅकेजे जमली, की भांडार गोठते. उलट अटी सैल ठेवाव्यात तर मेमकॉपीसारखे प्रसंग ओढवतात. आवृत्तीच्या तीन आकड्यांना निश्चित अर्थ देऊ पाहणारी ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ची प्रणाली या पेचातून सोडवील, अशी आशा गेल्या दशकात बाळगली गेली. तिच्यात पहिला आकडा वाढला म्हणजे जुने मोडेल, दुसरा वाढला म्हणजे नवे आले पण जुने शाबूत, तिसरा म्हणजे केवळ दुरुस्ती. संकेत म्हणून तो उपयुक्त आहे. पण कोणता बदल ‘मोडणारा’ हे ठरवतो लायब्ररीचा लेखक. आणि फ्लॅशच्या बाबतीत पाहिल्याप्रमाणे, बदल मोडणारा आहे की नाही हे कळते ते मोडल्यावर, दुसऱ्याच्या अंगणात.

आकड्यांवर किती भार टाकला जातो, याचे एक गमतीदार चिन्ह डेबियनच्या आवृत्ती-लेखनात आहे. मूळ प्रकल्पाने क्रमांकनाची पद्धत बदलली आणि नवा क्रमांक जुन्याहून लहान दिसू लागला, तर आवृत्तीच्या आरंभी ‘युगांक’ जोडून विसर्गासारखे चिन्ह देता येते, म्हणजे नवे युग सुरू झाले असे यंत्र समजते. एकदा जोडलेला युगांक पुन्हा काढता येत नाही. कधीकाळी क्रमांक देताना झालेली एक घाई त्या पॅकेजच्या कपाळी कायमची राहते.

नामांतराचा मार्ग : २०२४

विसंगती आधीच ठाऊक असेल तर काय करावे, याचा सर्वांत मोठा प्रयोग अलीकडे डेबियन आणि उबुंटू यांनी केला. ३२-बिट संगणकांवर काळ मोजणारी संख्या १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या मर्यादेबाहेर जाणार आहे. ती ६४-बिट करणे भाग होते. परंतु ही संख्या असंख्य लायब्ररींच्या माहिती-रचनांत गुंतलेली असल्याने तिचा आकार बदलताच त्या लायब्ररी जुन्या कार्यक्रमांशी विसंगत ठरणार होत्या. आणि मूळ लेखकांनी काहीच बदल केला नसल्यामुळे त्यांचे सोनेम मात्र तेच राहणार होते. म्हणजे नाव तेच, आकार वेगळा. डेबियनने नाव बदलले. २०२४ च्या पूर्वार्धात शेकडो लायब्ररींच्या पॅकेज-नावापुढे ‘टी६४’ हे शेपूट लागले आणि त्यांच्यावर विसंबणारी पॅकेजे पुन्हा कंपाइल करण्यात आली. एप्रिल २०२४ मधील उबुंटू २४.०४ आणि ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ या आवृत्त्या या उलाढालीनंतरच्या आहेत.

हे काम ज्या शिस्तीने झाले त्याला तोड नाही. दोष निर्माण होण्यापूर्वी तो नावात नोंदवणे, ही पॅकेज-व्यवस्थेच्या भाषेची सर्वोच्च क्षमता म्हणता येईल. तरीही एक फट राहिलीच. सामान्य ६४-बिट संगणकांवर आकार बदललेला नसतानाही एकरूपतेसाठी नामांतर तेथेही झाले. आणि जुन्या नावाने मागणी करणाऱ्यांची सोय म्हणून नवी पॅकेजे ‘आम्ही जुने नावही पुरवतो’ असे जाहीर करू लागली. ध्वनीच्या लिबअसाउंड२ या लायब्ररीबाबत मात्र हेच जुने नाव पुरवण्याचा दावा करणारे आणखी एक पॅकेज भांडारात आधीपासून होते. ते ओएसएस या दुसऱ्याच ध्वनिव्यवस्थेशी जोडणारे अनुकरण होते. परिणामी उबुंटू २४.०४ वर जुन्या नावाने लायब्ररी मागणाऱ्यांना ‘हे नाव दोघे पुरवतात, एक निवडा’ असे उत्तर मिळू लागले आणि अनेकांच्या तयार स्वयंचलित आज्ञा तेथेच अडल्या. दोन्ही पॅकेजांनी नाव पुरवले होते. एकाने अपेक्षित वर्तन पुरवले होते. पहिला थर पुन्हा एकदा तिसऱ्याच्या जागी उभा राहिला.

आपापली प्रत

या सर्व कटकटींना कंटाळलेल्यांचा युक्तिवाद असा, की एकाच प्रतीचा आग्रहच सोडून द्यावा. प्रत्येक कार्यक्रमाने आपल्याला चालणाऱ्या लायब्ररी आपल्याबरोबरच आणाव्यात. फ्लॅटपॅक, स्नॅप, अ‍ॅपइमेज ही साधने कमी-अधिक प्रमाणात याच विचाराची अपत्ये आहेत. कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे : त्याने ज्या लायब्ररीवर चाचणी केली तीच वापरकर्त्यापर्यंत जाते. वचन आणि वास्तव यांतील अंतरच मिटते.

पण ते मिटते कोणासाठी? एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर सुरक्षा-दोष उघडकीस आला, तेव्हा वितरणांनी एका पॅकेजची दुरुस्त प्रत दिली आणि ती बसवून सेवा पुन्हा सुरू केल्या की त्या लायब्ररीवरील सारे कार्यक्रम सुरक्षित झाले. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीत दोष आढळला तेव्हा दुरुस्ती तयार असूनही संस्थांसमोर प्रश्न होता तो वेगळाच : आपल्या संगणकांवर या लायब्ररीच्या प्रती आहेत तरी कोठे? जावाच्या प्रथेनुसार प्रत्येक सॉफ्टवेअरने ती आपल्या पोटात घेतलेली होती. विसंगतीचा दोष टाळण्यासाठी केलेल्या सोयीने दुरुस्तीचा रस्ता लांबवला होता. त्रास नाहीसा झाला नव्हता. तो प्रोग्रामरच्या टेबलावरून संस्था सांभाळणाऱ्याच्या टेबलावर सरकला होता. डेबियनच्या नियमावलीत अशा पोटातील प्रतींना जी हरकत घेतली आहे, ती म्हणूनच केवळ सोवळेपणाची नाही.

मराठी वाचकाला या प्रश्नाचे एक छोटे रूप स्वतःच्या पडद्यावर भेटू शकते. लिनक्सवर देवनागरी जोडाक्षरांची घडण बहुतांशी हार्फबझ ही लायब्ररी करते. अनेक कार्यक्रम वितरणाने दिलेली प्रत वापरतात, तर फायरफॉक्ससारखा ब्राउझर स्वतःची प्रत बरोबर घेऊन येतो. त्यामुळे एकाच संगणकावर, एकाच फॉन्टमध्ये लिहिलेला ‘र्‍हस्व’ हा शब्द दोन खिडक्यांत दोन निरनिराळ्या आवृत्त्यांच्या हातून घडवला जातो. बहुधा फरक दिसत नाही. दिसला, तर दोष फॉन्टचा, लायब्ररीचा की ब्राउझरचा, हे सामान्य वापरकर्त्याने कसे ओळखावे?

निक्स ही व्यवस्था या दोन टोकांमधला अधिक विचारपूर्वक मार्ग आहे. एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ मधील आपल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या प्रबंधात तिची मांडणी केली. प्रत्येक पॅकेज ज्या सामग्रीपासून घडले त्या सर्वांवरून काढलेल्या एका खुणेच्या नावाखाली साठवले जाते. म्हणून अनेक आवृत्त्या परस्परांना न छेदता नांदतात, आणि तरीही कोठे काय वापरले आहे याची नोंद पूर्ण असते. लॉगफोरजेच्या वेळचा ‘प्रती कोठे’ हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. किंमत अशी, की ग्लिबसीसारख्या तळच्या लायब्ररीत एक ओळ बदलली तरी तिच्यावरचा सारा इमला पुन्हा घडवावा लागतो. आवृत्तीच्या वचनावर विश्वासच ठेवायचा नाही, असे ठरवल्यावर हे ओघाने येते.

चाचणीचा पुरावा

तिसऱ्या थराला, म्हणजे वर्तनाला, भाषा मिळवून देण्याचा खरा प्रयत्न आकड्यांत नव्हे तर चाचण्यांत झाला आहे. डेबियनमध्ये पॅकेजसोबत अशा चाचण्या ठेवता येतात, ज्या बसवलेल्या अवस्थेत ते नीट काम करते का हे तपासतात. एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती ‘अनस्टेबल’ शाखेत आली, की तिच्यावर विसंबणाऱ्या पॅकेजांच्या चाचण्या तिच्यासह चालवल्या जातात; २०१८ पासून त्यांचे निकाल ‘टेस्टिंग’ शाखेत प्रवेश द्यायचा की नाही या निर्णयात धरले जाऊ लागले. पूर्वी पास होणारी दुसऱ्याची चाचणी आता नापास झाली, तर नव्या लायब्ररीला थांबावे लागते. सिद्ध करण्याचा भार येथे बदल करणाऱ्यावर आला. आणि विसंगती सापडल्यावर नोंदही लायब्ररीच्याच निवेदनात होते : ‘ही आवृत्ती अमुक पॅकेजच्या अमुकपूर्व आवृत्त्या मोडते’ असे सांगणारे स्वतंत्र सदर डेबियनच्या निवेदनात आहे, आणि त्याचा प्रामाणिक वापर हा देखभालकर्त्याच्या कसोटीचा भाग मानला जातो.

तथापि ही रीत जेथे चाचणी आहे तेथेच चालते, आणि अनेक पॅकेजांना चाचणी नाही. त्याहून मोठी अडचण भांडाराबाहेरच्या सॉफ्टवेअरची आहे. २०१० मधील फ्लॅश हे बंदिस्त सॉफ्टवेअर होते. त्याचा स्रोत वितरणाकडे नव्हता, त्याची चाचणी कोणत्याही भांडारात नव्हती, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने त्याला दिलेला आधार संपेपर्यंत ती आलीही नाही. आजची चाचणी-व्यवस्था त्या वेळी जशीच्या तशी उपलब्ध असती, तरी ग्लिबसीची ती प्रत तिच्यातून निर्वेधपणे पुढे गेली असती, आणि फाटक्या आवाजाची पहिली बातमी मग एखाद्या श्रोत्याकडूनच आली असती.